विजेची मोटार : रोजची वाट आणि लांबचा पल्ला

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई–जालना वंदे भारत एक्सप्रेस नांदेडपर्यंत वाढविण्यात आली आणि आमच्या चुडावा स्टेशनावरून विजेवर धावणारी एक देखणी गाडी जाऊ लागली. ती चुडाव्याला थांबत नाही. क्षणभर वारा उठतो, फलाटावरची पाने उडतात आणि गाडी दिसेनाशी होते. अशाच एका सकाळी पॅसेंजरची वाट पाहत आम्ही फलाटावर उभे होतो. गाडी निघून गेल्यावर काका म्हणाले, "एवढी मोठी आगगाडी लाईटीवर पळते, मग आपली मोटार कामून नाही पळणार?"

प्रश्न सहज विचारलेला नव्हता. काकांचे गावात खतांचे व बियाणांचे दुकान आहे. मालासाठी, वसुलीसाठी आणि घरच्या कामांसाठी त्यांना जवळजवळ रोज नांदेड गाठावे लागते. जुनी पेट्रोलची मोटार आता थकली आहे. नवी घ्यायची तर कोणती, यावर घरात दोन महिने खल चालला होता. मी कलाशाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. तरीही "तू शिकलेला आहेस, तूच शोधून सांग" अशी आज्ञा झाली. त्या शोधातून जे हाती लागले, ते माझ्यासारख्याच इतर विद्यार्थी-मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

तार आणि टाकी

विजेवरचे वाहन ही काही आजची नवलाई नव्हे. मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरची पहिली लोकलगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. मोटारीचा इतिहास तर त्याहूनही जुना आहे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार १८९९ साली धावली आणि ती विजेवर चालणारी होती. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, इंजिने सुधारली आणि विजेची मोटार मागे पडली. आपल्या देशात १९९३ साली 'लव्हबर्ड' आणि २००१ साली बंगळुरूची 'रेवा' असे प्रयत्न झाले. परंतु सर्वसाधारण कुटुंबाच्या नजरेत विजेची मोटार खऱ्या अर्थाने भरली ती जानेवारी २०२० मध्ये टाटांची 'नेक्सॉन' विजेवर आली तेव्हापासून.

मग इतकी वर्षे अडले कुठे? उत्तर त्या वंदे भारतच्या डोक्यावरच आहे. आगगाडीला वीज बरोबर न्यावी लागत नाही. वरच्या तारेतून पंचवीस हजार व्होल्टची वीज तिला वाटभर मिळत राहते. मोटारीला मात्र आपली वीज आपल्याबरोबर वाहून न्यावी लागते. बॅटरी म्हणजे तिची टाकी, आणि ही टाकी फार जड असून फार थोडे धरते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचे तेच युनिट. मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीत ४५ युनिटांची बॅटरी असते, म्हणजे अवघ्या पाच लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा. आणि त्या पाच लिटरांसाठी सुमारे तीनशे किलो वजन वाहावे लागते! मग ही मोटार तीनशे किलोमीटर जाते तरी कशी? तर पेट्रोलचे इंजिन आपल्या इंधनातील सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत उधळते आणि जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते. विजेची मोटार उलट आहे. बॅटरीतील ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊर्जा ती कामाला लावते. शिवाय वेग कमी करताना तिची मोटर जनित्रासारखी फिरते आणि थोडी वीज परत बॅटरीत टाकते. थोडक्यात, पेट्रोलची गाडी श्रीमंत पण उधळी आहे, आणि विजेची गाडी गरीब पण काटकसरी. या दोन स्वभावांतूनच तिचे सर्व गुणदोष निघतात.

रोजची वाट

पूर्णा ते नांदेड हे अंतर रेल्वेने सुमारे तीस किलोमीटर. चुडावा या दोहोंच्या मध्ये येतो. तेव्हा नांदेडला जाऊन-येऊन, तिथल्या बाजारातले फिरणे धरून, दिवसाचे पन्नास किलोमीटर मानू. परभणीला जाऊन यायचे म्हटले तरी आकडा शंभराच्या आसपास राहतो. आज बाजारात असलेली लहानातली लहान विजेची मोटारही एवढे अंतर एका चार्जिंगमध्ये सहज तोडते. प्रमाणपत्रावर छापलेला पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला यांत मात्र फरक असतो. छापील आकड्याचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भागच खरा धरावा. ३१५ किलोमीटर लिहिलेली २४ युनिटांची लहान मोटार प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास जाते. आपल्या पन्नासांना ते चार पट झाले.

आता चार्जिंग. फ्रीज किंवा पाणी तापवायच्या बंबासाठी असतो तसा पंधरा अँपिअरचा जाड पिनांचा प्लग पुरतो. त्यातून तासाला साधारण तीन युनिट भरतात. पन्नास किलोमीटरला, वाटेतली गळती धरून, सुमारे आठ युनिट लागतात. म्हणजे पावणेतीन तासांचे काम. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाच अश्वशक्तीचा पंप विहिरीवर दोन तास चालवला, तर जवळपास तेवढीच वीज जळते. हे काकांना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची निम्मी शंका गेली. पंपाची वीज किती आणि ती किती वेळात जळते, हे ज्याने आयुष्यभर पाहिले त्याला किलोवॅटची व्याख्या सांगावी लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात येते. विजेची मोटार ही शहरी लोकांची चैन, असा आपला समज असतो. वास्तविक पुण्या-मुंबईच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला गाडी खाली उभी करावी लागते, आणि खाली प्लग कोणाच्या मीटरवर घ्यायचा यावर सोसायटीच्या सभा झडतात. आपल्याकडे गाडी अंगणात, मीटर ओसरीत, आणि दोहोंमध्ये दहा पावले. रोजच्या वापरासाठी विजेच्या मोटारीला जे हवे ते खेड्यातल्या घरात जागेवर आहे. उणीव आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

डीपी, अर्थिंग आणि रात्रीचे दोन

काकूंनी या चर्चेत एकच प्रश्न विचारला, पण तो सर्वांत मोठा होता. "रात्री दोन वाजता कोणाला दवाखान्यात न्यायचं म्हणलं, अन् दिवसभर लाईटच नसली, तर ही गाडी निघेल का?"

आमच्या घरात हा प्रश्न कल्पनेतला नाही. आजीला दम्याचा त्रास आहे आणि मोठे दवाखाने नांदेडला आहेत. मोटार घ्यायची ती बाजारासाठी, पण तिची परीक्षा व्हायची ती अशा रात्री.

याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. चार-सहा तासांचे भारनियमन असेल तर काळजीचे कारण नाही. चोवीस तासांतून तीन तास वीज मिळाली तरी दिवसाची गरज भागते, आणि बॅटरीत असलेली वीज लाईट गेल्याने नाहीशी होत नाही. खरी अडचण वळवाच्या पावसात येते. खांब पडतात, तारा तुटतात, कधी गावची डीपीच जळते, आणि मग दुसरी येईपर्यंत दोन-तीन दिवस अंधार. अशा वेळी पेट्रोलवाला बाटली भरून आणू शकतो. विजेची बाटली मिळत नाही.

यावर उपाय यंत्राचा नाही, सवयीचा आहे. गाडी निम्म्याच्या खाली कधी येऊ द्यायची नाही. नांदेडहून आल्यावर, कितीही थकवा असला तरी, आधी प्लग लावायचा आणि मग पाय धुवायचे. बॅटरी निम्मी असली तरी लहान मोटार शंभर किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे नांदेड गाठून परत येता येते, आणि नांदेडला जलद चार्जिंग केंद्रे आहेतच. ज्या घरात ही शिस्त पाळली जाईल त्या घराला रात्रीच्या दोनची भीती नाही. ज्या घरात "उद्या लावू" असे चालते, त्या घराने दुसरी गाडी हाताशी ठेवावी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आपल्याकडे पुष्कळ घरांत तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नसते. पंखा, दिवा त्यावाचून चालतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. मोटारीचा चार्जर मात्र अर्थिंग नीट नसेल तर चालूच होत नाही, आणि ते आपल्याच जिवासाठी आहे. खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून केलेले चांगले अर्थिंग हवे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी पडली की वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. घराचा मंजूर भार एक किलोवॅटचा असेल तर तोही वाढवून घ्यावा. संध्याकाळी दाब फार उतरला तर चार्जर आपोआप थांबतो, म्हणून चार्जिंग मध्यरात्रीनंतर लावणे बरे. शेतीपंपाच्या जोडणीवरून मोटार चार्ज करण्याचा मोह मात्र टाळावा. ती वीज वेगळ्या दराने, वेगळ्या कामासाठी दिलेली असते.

काहीजण म्हणतील, छतावर सौर पत्रे बसवू. विचार चांगला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि असा संच उन्हाच्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. मोटारीचे आठ त्यातून निघतात. पण एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. असा साधा संच गावची लाईन गेली की स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच असते. तेव्हा सौर संचाने बिल कमी होते, अंधारातली अडचण दूर होत नाही. त्यासाठी निराळी बॅटरी लागते आणि तिचा खर्च निराळा.

लांबचा पल्ला

काकांचा मुलगा पुण्याला नोकरीस आहे. वर्षातून चार-पाच वेळा तिकडे जाणे होते. चुडाव्याहून पुणे सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटर. इथे गाडीची टाकी लहान असल्याचे जाणवू लागते.

हिशेब असा. ४५ युनिटांची मोटार महामार्गावर शंभर किलोमीटरला पंधरा युनिट घेईल असे धरले, तर पूर्ण चार्जिंगवर तीनशे किलोमीटर होतात. पण शेवटच्या थेंबापर्यंत जायचे नसते. वाटेतले केंद्र बंद निघाले तर पुढचे गाठता यावे म्हणून पाचवा हिस्सा राखून ठेवावा. म्हणजे पहिला टप्पा २४० किलोमीटरचा. पुढे जलद केंद्रावर चार्जिंगला लावली की ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी लवकर भरते. त्यानंतर मात्र वेग मंदावतो. भरत आलेल्या एस. टी.त शेवटच्या चार उतारूंना जागा शोधायला वेळ लागतो, तसेच काहीसे तिथे घडते. म्हणून वाटेत ऐंशीवरच उठावे. त्यातून दुसरा टप्पा १८० किलोमीटरचा निघतो. एकूण ४२०. म्हणजे पुण्याला एक पुरा थांबा, पाऊण ते एक तासाचा, आणि एक छोटा. २४ युनिटांच्या लहान मोटारीला मात्र याच वाटेवर तीन थांबे पडतील, आणि प्रवास प्रवास न राहता प्रतीक्षा होईल.

जेवणाची वेळ आणि चार्जिंगची वेळ जुळवली तर एक थांबा खटकत नाही. खटकते ते वेगळेच. जलद केंद्रे नांदेड, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे अशा मोठ्या शहरांत आणि मोठ्या महामार्गांवर आहेत. आपला रस्ता मात्र लहान गावांतून जातो, आणि दोन शहरांमधल्या लांबच लांब टापूत केंद्र विरळ. असले तरी ते चालू असेल, रिकामे असेल, याची हमी नाही. निघण्याच्या दिवशी सकाळी फोनवर पाहून, शक्य तर केंद्राला विचारूनच निघावे. तिथला दरही घरच्यापेक्षा चढा, अनेक ठिकाणी युनिटला वीस रुपयांच्या घरात असतो.

वेगाचाही प्रश्न आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीच्या वेगाऐवजी एकशेवीसने गेले, तर तो सव्वादोन पट होतो. जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागल्यावर मोटारींना एकशेवीसची मुभा आहे. पण ती पुरेपूर घेणाऱ्या विजेच्या मोटारीचा पल्ला डोळ्यांदेखत आटतो. नव्वदने जाणारा कित्येकदा एक थांबा वाचवून आधी पोहोचतो. सशाची आणि कासवाची गोष्ट इथे अक्षरशः खरी ठरते.

शासनाचे धोरण या बाबतीत अनुकूल आहे. विजेच्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्यात आला असून महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट कागदावरून रस्त्यावर उतरेल तेव्हा या लेखातला हा भाग जुना होईल, आणि तो लवकर जुना व्हावा अशीच माझी इच्छा आहे.

हिशेब

परभणीचे पेट्रोल राज्यातच नव्हे तर देशातल्या महागड्या पेट्रोलांपैकी एक, अशा बातम्या २०१८ आणि २०२१ साली आपण वाचल्या आहेत. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून तीनशेहून अधिक किलोमीटर टँकर यावा लागतो, हे त्याचे एक कारण. तेव्हा लिटरला १०४ रुपये आणि लिटरमागे १६ किलोमीटर धरले, तर नांदेडची एक फेरी सुमारे ३२५ रुपयांना पडते.

विजेचा हिशेब करताना एक चूक सर्रास होते. घराचे बिल शंभर युनिटांच्या आत असते, तो स्वस्त दर मनात धरून लोक आकडेमोड करतात. मोटार आली की महिन्याला दोनशे युनिट वाढतात आणि ती सर्व वरच्या टप्प्याच्या दराने पडतात. म्हणून सर्व आकार व शुल्क धरून युनिटला १३ रुपये मानू. आठ युनिटांचे १०४ रुपये झाले. फेरीमागे बचत २२१ रुपये. महिन्याला पंचवीस फेऱ्या झाल्या तर वर्षाची बचत सुमारे ६६,००० रुपये. विजेची मोटार तीन लाखांनी महाग पडली असे धरले, तर साडेचार वर्षांत फरक फिटतो. बॅटरीची हमी सामान्यतः आठ वर्षांची असते, तेव्हा पुढचा काळ नफ्याचा.

परंतु जो मनुष्य आठवड्याच्या बाजाराला आणि लग्नकार्यालाच गाडी काढतो, वर्षाला पाच हजार किलोमीटरच फिरतो, त्याची बचत २२,००० रुपयांच्या पुढे जात नाही. त्याला तोच फरक फेडायला तेरा वर्षांहून अधिक लागतील. म्हणजे पेट्रोलच्या गाडीचा खर्च ती चालली की होतो, विजेच्या गाडीचा ती उभी राहिली की होतो. इंजिन-ऑइल, क्लच यांचा खर्च वाचतो हे खरे. पण बिघाड झाला तर गावातल्या मिस्त्रीच्या हातून काम होत नाही, नांदेड गाठावे लागते, हेही तितकेच खरे.

आणि धुराचे काय? गाडी धूर सोडत नाही, पण तिची वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे. आपल्या शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्रासारख्या चिमण्यांतून ती येते. तेच केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. विजेच्या मोटारीने आपण निसर्गाच्या हिशेबातून सुटलो, असे समजण्याचे कारण नाही. मात्र बाजारपेठेत, शाळेच्या फाटकाशी आणि दम्याच्या रुग्णाच्या नाकाशी धूर येत नाही, एवढे तरी पदरात पडते.

सगळे ऐकून काकांनी निर्णय दिला नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोजचे किलोमीटर लिहायला सुरुवात केली. महिनाअखेर पाहिले तर एक पुण्याची खेप सोडता एकही दिवस शंभराच्या वर नव्हता. त्या रकान्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "एका दिवसासाठी एकोणतीस दिवस पेट्रोल जाळतो आपण. पुण्याला रेल्वेनं जाता येतं की." मग काकूंकडे वळून म्हणाले, "आधी वायरमनला बोलाव. अर्थिंग करू. गाडीचं दिवाळीला बघू."

मला वाटते, या प्रश्नाचे याहून शहाणे उत्तर नाही. विजेची मोटार चांगली की वाईट, हे जाहिरातीतल्या पल्ल्यावरून ठरत नाही. आपले दिवस कसे जातात, आपल्या घरातली तिसरी पिन कशी आहे आणि गावची डीपी किती दिवस टिकते, यावरून ठरते. गाडी विकत घेण्याआधी महिनाभर आपलेच किलोमीटर लिहून पाहावेत. त्याला खर्च एका पेन्सिलीचा येतो.